थोरली आणि धाकटी : शेअरबाजारातील दोन टोपल्या

एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या कापूसबाजारात 'ऊमरा' नावाची एक प्रत पुकारली जात असे. हे नाव उमरावतीवरून, म्हणजे आजच्या अमरावतीवरून पडले होते. लिव्हरपूलचा गिरणीवाला 'ऊमरा' विकत घेई, तेव्हा अमुक गावच्या अमुक शेतकऱ्याचा कापूस आपण घेत आहो, असे तो म्हणत नसे. वऱ्हाडातील शेकडो शेतांचा माल एका ठरलेल्या प्रतीखाली एकत्र येई आणि त्या प्रतीचा एक भाव निघे. एखाद्या शेतावर बोंडअळी पडली, एखाद्या गावात पाऊस हुकला, तरी 'ऊमरा' ही प्रत नाहीशी होत नसे. व्यक्तीवर विसंबण्यापेक्षा समूहावर विसंबण्याची ही रीत वऱ्हाडला अशा प्रकारे जुनीच आहे.

शेअरबाजारातील 'निर्देशांक' ही ह्याच जातीची वस्तू होय. राष्ट्रीय शेअरबाजारातील निफ्टी हा निर्देशांक एप्रिल १९९६ मध्ये सुरू झाला. ३ नोव्हेंबर १९९५ ह्या दिवसाची पातळी एक हजार धरून त्याची मोजणी होते. देशातील अत्यंत मोठ्या व भरपूर उलाढालीच्या पन्नास कंपन्या त्यात असतात. त्या पन्नासांच्या शेअरांचे भाव ठरलेल्या प्रमाणात एकत्र केले की एक आकडा निघतो, तोच निफ्टी. आता ह्या पन्नास कंपन्यांचे शेअर त्याच प्रमाणात घेऊन एका टोपलीत ठेवावे, त्या टोपलीचे लहान लहान सारखे वाटे करावे आणि ते वाटे शेअरांप्रमाणेच बाजारात विकावयास ठेवावे, अशी कल्पना करा. हीच ती योजना. तिला व्यवहारात 'ईटीएफ' म्हणतात. तिच्या वाट्यांना 'युनिट' म्हणतात.

असे निधी आता पुष्कळ झाले आहेत आणि प्रत्येकाची रीत वेगळी आहे. सामान्य गृहस्थाला पहिला प्रश्न पडतो तो निवडीचा. तो सुटावा म्हणून एकाच घरातील दोन निधी समोरासमोर ठेवून पाहणे सोयीचे आहे. त्यांपैकी एकाचे नाव निफ्टी बीज व दुसऱ्याचे ज्युनियर बीज. 'बीज' हा येथे मराठी शब्द नव्हे. 'बेंचमार्क एक्स्चेंज ट्रेडेड स्कीम' ह्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून तो बनला आहे. तथापि पेरणीचा अर्थ मनात आला तरी बिघडत नाही.

निफ्टी बीजच्या जन्माची वेळ ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९६४ साली युनिट ट्रस्टची 'यूएस ६४' ही योजना निघाली आणि मध्यमवर्गाने तिच्यावर बँकेइतका विश्वास टाकला. तिच्या युनिटांचा भाव मात्र आतल्या मालमत्तेच्या खऱ्या किमतीवरून दररोज ठरत नसे, तो संस्था ठरवून देई. जुलै २००१ मध्ये संस्थेला ह्या युनिटांची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवावी लागली आणि निवृत्तांच्या घरांत काळजी पसरली. ठरवून दिलेला भाव व खरी किंमत ह्यांत अंतर पडले की विश्वास कसा ढासळतो, हे त्या उन्हाळ्याने व पावसाळ्याने शिकविले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बेंचमार्क म्युच्युअल फंडाने निफ्टी बीज आणले आणि जानेवारी २००२ मध्ये त्याची बाजारात नोंदणी झाली. भारतातील हा पहिला ईटीएफ होय. त्याचा भाव कोणी कार्यालयात बसून ठरवीत नाही. सकाळी सव्वानऊपासून दुपारी साडेतीनपर्यंत तो उघड्या बाजारात ठरतो.

उघड्या बाजाराचे महत्त्व वऱ्हाडला निराळे सांगावयास नको. कारंजा येथे १८८६ साली देशातील पहिला नियंत्रित कापूसबाजार स्थापन झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. माप खरे असावे, भाव सर्वांसमक्ष पुकारला जावा आणि अडत किती हे आधी ठाऊक असावे, एवढेच त्यामागचे तत्त्व. शेअरबाजारावर आज सेबी ही संस्था जी देखरेख ठेवते, तिच्या मुळाशीही हेच तत्त्व आहे.

येथे कोणी विचारील की, टोपलीतील मालाची किंमत एक आणि बाजारातील भाव दुसराच, असे होणार नाही कशावरून? ह्याचे उत्तर अडत्याच्या व्यवहारात आहे. अकोल्यास कापूस महाग व अमरावतीस स्वस्त झाला आणि फरक गाडीभाड्याहून अधिक असला, तर व्यापारी अमरावतीचा माल अकोल्यास नेतो. असे चार व्यापाऱ्यांनी केले की दोन्ही भाव जवळ येतात. ईटीएफमध्येही असे नेमलेले मोठे व्यापारी असतात. युनिट महाग झाले तर ते खरे शेअर निधीकडे जमा करून नवी युनिटे घेतात व बाजारात विकतात. स्वस्त झाले तर युनिटे विकत घेऊन निधीकडून शेअर सोडवितात. त्यांच्या ह्या नफ्याच्या खटपटीमुळे भाव व किंमत सहसा एकमेकांस धरून राहतात.

आणखी एक गोष्ट. बेंचमार्कचा हा व्यवसाय २०११ मध्ये गोल्डमन सॅक्सकडे गेला, २०१६ मध्ये रिलायन्सकडे आला आणि २०१९ पासून तो निप्पॉन इंडिया ह्या नावाने चालतो. तीन वेळा पाटी बदलली, पण टोपलीतील पन्नास कंपन्यांच्या मालकीला धक्का लागला नाही. कारण ते शेअर चालविणाऱ्या कंपनीच्या मालकीचे नसतात. ते विश्वस्तांच्या नावाने निराळ्या रक्षकाकडे ठेवलेले असतात.

आता दोन्ही निधींतील भेद पाहावयाचा. निफ्टी बीज म्हणजे थोरली टोपली. तीत पहिल्या पन्नास कंपन्या. ज्युनियर बीज २००३ साली निघाले. ती धाकटी टोपली. तीत त्यांच्या पाठोपाठच्या पन्नास कंपन्या असून त्या निर्देशांकाला 'निफ्टी नेक्स्ट ५०' म्हणतात. दोहोंतही कोणा हुशार व्यवस्थापकाच्या अंदाजावर खरेदी होत नाही. नियम सांगेल ते घ्यावयाचे व नियम सांगेल ते सोडावयाचे. म्हणूनच खर्च थोडा. अलीकडच्या काळात थोरलीचा वार्षिक खर्च शंभर रुपयांमागे सुमारे चार पैसे व धाकटीचा सुमारे सतरा पैसे पडला आहे.

पहिला भेद वजनाचा. दोन्ही टोपल्यांत मोठ्या कंपनीला मोठा व लहानीला लहान वाटा मिळतो. मोठेपणा मोजताना प्रवर्तकांनी स्वतःजवळ ठेवलेले शेअर वगळतात व बाजारात फिरणाऱ्या शेअरांचीच किंमत धरतात. ह्या रीतीमुळे थोरल्या टोपलीत बँका व वित्तसंस्था ह्यांचाच वाटा एक-तृतीयांशाहून अधिक झाला आहे. एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक व रिलायन्स ह्या तिघींचे पाऊल जिकडे पडेल तिकडे सगळी टोपली थोडीबहुत झुकते. नावे पन्नास असली तरी भार पन्नास ठिकाणी सारखा नसतो, हे विसरता कामा नये. धाकटीत भार अधिक पसरलेला आहे. तेथे एकाच कंपनीचे इतके वर्चस्व नसते.

दुसरा भेद वर्ग बदलण्याचा. निर्देशांकाची तपासणी वर्षातून दोनदा होते आणि मार्च व सप्टेंबरच्या अखेरीस नवी यादी लागू होते. धाकटीतील एखादी कंपनी वाढून मोठी झाली की ती थोरलीत चढते आणि थोरलीतील एखादी मागे पडली की ती बहुधा धाकटीत उतरते. सप्टेंबर २०२४ मध्ये ट्रेंट व भारत इलेक्ट्रॉनिक्स वर चढल्या. मार्च २०२५ मध्ये ब्रिटानिया व भारत पेट्रोलियम खाली आल्या. कापसावरील औषधांमुळे वऱ्हाडच्या शेतकऱ्याला ठाऊक असलेली यूपीएल ही कंपनी मार्च २०२४ मध्ये निफ्टीतून बाहेर पडली. जानेवारी २००९ मध्ये सत्यमच्या हिशेबातील लबाडी उघड झाली, तेव्हा तर तपासणीची वाट न पाहता तिला त्याच महिन्यात वगळण्यात आले. ज्याने एकट्या सत्यमचे शेअर घेऊन ठेवले होते तो बुडाला. टोपली घेणाऱ्याच्या पन्नास फळांतील एक नासले, एवढेच.

ह्या वर्गबदलातून धाकटीचा स्वभाव बनतो. तिच्यात उद्याच्या मोठ्या कंपन्या लहानपणीच येतात, म्हणून वाढीला वाव अधिक. परंतु विद्यार्थी पहिल्या क्रमांकाचा झाला की तो वरच्या वर्गात जातो आणि धाकटीला त्याचे शेअर विकावे लागतात. उलट वरून घसरलेला तिला पदरी घ्यावा लागतो. खालूनही कंपन्या येतात व खालीही जातात. त्यामुळे तिच्यात उलथापालथ अधिक आणि चढउतारही अधिक. हे शब्दांनी सांगण्यापेक्षा आकड्यांनी सांगणे बरे.

२००८ ह्या एका वर्षात निफ्टी शेकडा सुमारे ५२ घसरला. नेक्स्ट ५० ची घसरण शेकडा साठांच्याही पुढे, सुमारे ६३ पर्यंत गेली. २००९ मध्ये निफ्टी शेकडा सुमारे ७६ वाढला, तर नेक्स्ट ५० शेकडा १२५ च्या आसपास. आता हिशेब करा. वर्षारंभी प्रत्येकीत एक लाख रुपये ठेवले असे समजू. वर्षअखेर थोरलीचे सुमारे ४८ हजार उरले, धाकटीचे ३७ हजारांच्या आसपास. पुढच्या वर्षाच्या अखेरीस थोरलीचे सुमारे ८४ हजार झाले व धाकटीचे ८० हजारांच्या किंचित वर. दोन वर्षांच्या शेवटी दोघी जवळजवळ एकाच ठिकाणी आल्या. मग भेद कोठे राहिला? भेद राहिला तो मधल्या घाटात. डिसेंबर २००८ मध्ये ज्याला आजारपणासाठी वा लग्नकार्यासाठी रक्कम काढावी लागली, त्याने थोरलीत निम्म्याहून थोडे अधिक गमावले आणि धाकटीत जवळजवळ दोन-तृतीयांश गमावले. २००९ ची भरपाई त्याच्या वाट्यास आलीच नाही.

नुकसानीच्या गणिताचा एक नियम शाळेतील मुलालाही कळतो, पण गुंतवणूक करताना मोठी माणसे तो विसरतात. शंभराचे पन्नास झाले तर पुन्हा शंभर होण्यास शेकडा १०० वाढ लागते. शंभराचे चाळीस झाले तर शेकडा १५० वाढ लागते. घसरण दहांनी वाढली आणि चढण मात्र पन्नासांनी. म्हणून 'जास्त वाढते' हे विशेषण ऐकले की 'किती पडते' हा प्रश्न लगेच विचारावा.

ह्याचा अर्थ धाकटी नेहमी थोरलीच्या पुढेच धावते असाही नाही. २०१८ मध्ये निफ्टी शेकडा तीनांनी वाढला, तर नेक्स्ट ५० शेकडा आठ-नऊ खाली आला. आणि थोरली स्थिर आहे असेही कोणी समजू नये. जानेवारी २००८ मधील ६,२८७ ही पातळी निफ्टीने नोव्हेंबर २०१० मध्ये क्षणभर ओलांडली, पण ती कायमची मागे टाकावयास २०१४ उजाडले. सहा वर्षे हा काळ वाचावयास लहान वाटतो. पेन्शनीत पाय टाकलेल्या माणसाला तो फार मोठा असतो. जानेवारी २०२० मधील १२,३६२ वरून २३ मार्च २०२० रोजी तोच निर्देशांक ७,६१० वर आला होता, म्हणजे सव्वादोन महिन्यांत शेकडा ३८ घट. त्या वेळी सावरण्यास मात्र वर्षही लागले नाही. घट किती होईल व किती दिवस राहील, हे आधी सांगणारा ज्योतिषी अद्याप निपजलेला नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळांना वाटते की, अर्धे पैसे थोरलीत व अर्धे धाकटीत ठेवले म्हणजे धोका वाटला गेला. वऱ्हाडचा शेतकरी कापसाच्या ओळींमध्ये तूर पेरतो. कापूस गेला तर तूर हात देते, ही त्यातली समजूत. ती पुष्कळ अंशी खरी आहे. परंतु कोरडवाहू शेतात पाऊसच आला नाही तर कापूसही जातो व तूरही जाते. थोरली व धाकटी ह्या एकाच पावसावरची दोन पिके आहेत. २००८ मध्ये व २०२० मध्ये दोन्ही एकदमच वाळल्या. कोरड्या वर्षी उपयोगी पडते ती विहीर. पोस्टातील ठेव, बँकेतील मुदतबंद ठेव, हाताशी असलेली वर्षभराच्या खर्चाची रक्कम, ही घराची विहीर होय. विहीर नसता दोन पिके घेणे म्हणजे धोका वाटणे नव्हे.

कोणी सोन्याचे नाव घेईल. त्याच घराण्यात २००७ साली गोल्ड बीज हा सोन्याचा पहिला भारतीय ईटीएफ निघाला. सोने शेअरांबरोबर नेहमी पडत नाही, म्हणून त्यास थोडी जागा असावी हे ठीक. पण सोने काम करीत नाही. कंपनी माल बनविते, विकते व नफा मिळविते. सोने पेटीत पडून राहते आणि पुढचा गिऱ्हाईक किती देईल एवढ्यावरच त्याची किंमत ठरते.

भावाविषयीची सावधगिरीही येथेच सांगितलेली बरी. व्यापाऱ्यांच्या खटपटीने भाव व किंमत जवळ राहतात हे खरे, तथापि गर्दीच्या वेळी ही व्यवस्था तोकडी पडते. ऑक्टोबर २०२५ मध्ये धनत्रयोदशीच्या तोंडावर चांदीची टंचाई झाली आणि चांदीच्या ईटीएफांचे भाव आतल्या चांदीच्या किमतीपेक्षा बरेच वर गेले. घाईने घेणाऱ्यांनी शंभराच्या मालाला अधिक रुपये मोजले. म्हणून खरेदीपूर्वी निधीने जाहीर केलेली चालू किंमत पाहावी आणि 'मिळेल त्या भावाने' असे न सांगता आपला भाव ठरवून मागणी नोंदवावी. थोरलीत उलाढाल मोठी असल्यामुळे घेणाऱ्याचा व विकणाऱ्याचा भाव फार जवळ असतो. ज्या निधीत दिवसाकाठी थोडेच व्यवहार होतात तेथे ही काळजी दुप्पट घ्यावी. शिवाय डीमॅट खात्याचा वार्षिक खर्च, दलाली व कर हे धरावेत. शेअरांच्या अशा निधीत वर्षभराहून अधिक काळ ठेवून झालेल्या नफ्यावर, वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या भागावर, २३ जुलै २०२४ पासून शेकडा साडेबारा कर आहे. वर्षाच्या आत विकल्यास शेकडा वीस.

आता दोन घरे डोळ्यांसमोर आणू. समजा, अमरावतीस एक शिक्षक निवृत्त झाले. हाती वीस लाख आले. दोन वर्षांनी मुलीचे लग्न आहे, घराचे छप्पर गळते आहे, पत्नीच्या औषधपाण्याचा खर्च आहे. शेजारी म्हणतो, 'धाकटी घ्या, ती लवकर वाढते.' ह्या गृहस्थांनी लग्न, छप्पर व पाच वर्षांचा घरखर्च ह्यांची रक्कम आधी बाजूला काढली पाहिजे. ती ना थोरलीत जावी, ना धाकटीत. उरलेल्यातील जो भाग सात-दहा वर्षे लागणार नाही, तोच थोरलीत ठेवणे त्यांना शोभेल. धाकटीवाचून त्यांचे काही अडत नाही.

समजा, अकोल्यास जिनिंगच्या कारखान्यात हिशेब लिहिणारा पंचविशीतील तरुण आहे. पगार थोडा, पण तो दरमहा येतो आणि म्हातारपण पस्तीस वर्षे दूर आहे. त्याच्या भविष्यनिर्वाह निधीतील काही भाग ऑगस्ट २०१५ पासून ईटीएफांत गुंतविला जात आहेच, आणि तो प्रामुख्याने निफ्टी व सेन्सेक्स ह्या थोरल्यांच्या मार्गाने. म्हणजे थोरली त्याला नकळत मिळाली आहे. ह्याने दरमहा थोडी थोडी रक्कम धाकटीतही टाकली तर ते वेडेपणाचे होणार नाही. भाव पडले तर त्याला त्याच पैशांत अधिक युनिटे मिळतील. अट एकच, घसरण आली की विकावयाचे नाही. ज्याला एवढा धीर नाही त्याने तरुण असूनही थोरलीतच राहावे.

तिसरे घर शेतकऱ्याचे. त्याच्या हाती पैसा येतो तो कापूस, तूर वा संत्री विकल्यावर, आणि पुढच्या मृगाला बियाण्याखतांसाठी तो पुन्हा लागतो. मधल्या सहा महिन्यांसाठी तो बाजारात ठेवणे म्हणजे एका जुगाराच्या पोटात दुसरा जुगार घालणे होय. बियाण्याच्या पैशाला दोन्ही टोपल्या वर्ज्य आहेत.

१८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेतील यादवीमुळे हिंदी कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशाच्या लोंढ्यावर मुंबईत कंपन्यांचे पीक आले आणि बॅकबेच्या शेअरांपायी लोकांनी घरेदारे गहाण टाकली. लढाई संपली, कापूस उतरला आणि ते शेअर कवडीमोल झाले. वऱ्हाडातील काळ्या जमिनी मात्र होत्या तेथेच राहिल्या. ज्यांनी एकाच कंपनीवर सर्वस्व लावले ते गेले. ज्यांनी बियाणे राखून ठेवले ते पुढच्या पावसाला पुन्हा पेरते झाले.

थोरली चांगली की धाकटी चांगली, ह्या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच टोपल्यांत सापडत नाही. दोन्ही प्रामाणिक आहेत, दोन्ही आपापला नियम पाळतात. पैसा केव्हा लागणार आहे आणि निम्मा झालेला आकडा पाहून घरातील माणसे किती शांत राहू शकतील, ह्या दोन गोष्टी एका कागदावर लिहून काढाव्या. शक्य तर पत्नीला वा पतीला शेजारी बसवून लिहाव्या. कोणती टोपली उचलावयाची ते पुष्कळदा त्या कागदावरच दिसते. आणि कधी कधी असेही दिसते की, अजून विहीरच खणावयाची राहिली आहे.